डावीकडे स्टेरिंग असलेली गाडी

ती गाडी विकायची हे मी आधी आईला सांगितलं. बायकोला ते आईकडून, भाकरी थापताना कळलं. आता पन्नाशी उलटली, तरी एवढं लिहितानाही मला संकोच होतो. तिनं त्या दिवशी काही विचारलं नाही. आमच्या घरात सून मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलत नसे. मला जेवायला बोलवायचं तरी ती ताट जरा आपटून मांडायची.

ही गाडी मी बांधून घेतली होती. सीताबर्डीवरच्या बाजारात, रद्दीच्या ढिगात मला एका विलायती मासिकाचं सुटं पान सापडलं. त्यावर दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीलगत दबा धरून बसल्यासारखी शर्यतीची गाडी होती. मी ड्राफ्ट्समन. चित्र पाहिलं की मापं सुचायची. शहराबाहेर वाडीला ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री ओळखीचा होता. त्यानं आणि मी अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं इंजिन घेतलं, बारीक पाइपांचा सांगाडा जोडला आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून ठोकून त्या चित्रासारखे वळवले. किती रविवार त्यात गेले, आठवत नाही. गाडी झाली ती इतकी हलकी, की मागून दोघांनी उचलावी आणि गल्लीत तिचं तोंड फिरवावं.

चित्रात स्टेरिंग डावीकडे होतं. मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, आपल्याकडं उजवीकडं राहते ना?"

"चित्रात आहे तसंच पाहिजे," मी म्हणालो.

त्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या चालतात हे मला ठाऊक होतं. पण त्या पानापुढे माझी अक्कल चालेना. वस्तीत तिचं नाव पडलं उलटी मोटर. पानठेल्यावरून कोणीतरी विचारायचंच, "आज कोणीकडे गा उलटी सवारी?"

स्टेरिंग डावीकडे, त्यामुळे मी रस्त्याच्या कडेला बसायचो आणि बायको रस्त्याच्या मध्याकडे. पुढे ट्रक असला की मला नुसता त्याचा पाठीमागचा फळा दिसायचा. समोरून काही येतंय का, ते तिलाच कळायचं. ती जराशी बाहेर झुकायची आणि सांगायची, "थांबा." मग, "थांबा अजून." आणि मग, "निघा." मी निघायचो.

हिवाळ्यात आम्ही पहाटेच अमरावती रोडनं जायचो. वर छप्पर नाही, म्हणून धुकं सरळ आत यायचं आणि मांडीवर बसायचं. झाडं, ट्रकचे तांबडे दिवे, शेकोटीजवळ उकिडवी बसलेली माणसं, सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं मंद हलायचं. गाडीला वजनच नव्हतं. कधी कधी वाटे, चाकं खाली राहिली आहेत आणि आपण तरंगत चाललो आहोत. त्यात तिचा आवाज असायचा, घरात कधीही न ऐकलेला, भरलेला, जरासा जाडसर. वाडी मागे पडली की ती इतर गोष्टीही बोलायची. माहेरच्या बोरी, शाळा सुटल्याचं दुःख, एका मावशीची हुबेहूब नक्कल. रस्ता लवकर संपू नये म्हणून मी गाडी हळू चालवायचो.

एकदा समोरून आलेल्या ट्रकच्या कडेला तिच्या साडीचा पदर अडकला आणि फाटून गेला. तुकडा त्या ट्रकबरोबरच गेला. ती हसत होती. मी मात्र त्या दिवसापासून मनातून खचलो. एका चित्राच्या हौसेपायी आपण हिला मरणाच्या तोंडाशी बसवतो आहोत, असं वाटायला लागलं. तिच्याशी बोललो नाही. विकायचं ठरवून मोकळा झालो.

गिऱ्हाईक कळमेश्वरचं निघालं. संत्र्याची बाग असलेला तरुण, नुकतंच लग्न झालेला. बायकोला घेऊनच तो वाडीला मिस्त्रीच्या कारखान्यात आला. माझी बायकोही शेवटचं पाहायला म्हणून आली होती. दोघी लिंबाखाली बाजेवर बसल्या. त्याला गाडी चालवून पाहायची होती, तेव्हा मी पहिल्यांदाच उजवीकडच्या जागेवर बसलो.

रस्त्याला लागताच पुढे कापसाचा एक ट्रक लागला. मी झुकून पाहिलं, रस्ता रिकामा वाटला, म्हणालो, "निघा." त्यानं गाडी बाहेर काढली आणि समोर दुसरा ट्रक उभा ठाकला. कपाळावर लिंबू-मिरची बांधलेलं ते तोंड सरळ माझ्या अंगावर वाढत आलं. त्यानंच कशीबशी गाडी मागे घेतली.

"दादा, मारता काय मले?" तो घाम पुसत म्हणाला. "आत्ताच लगन झालं माह्यं."

बायको इतके हिवाळे याच जागेवर बसली होती, मजेत बोरींच्या गोष्टी सांगत.

परत आलो तेव्हा त्यानं दोघींना सगळं सांगितलं, थोडं वाढवून. "यायच्यापेक्षा वहिनीलेच गाडीसंग देऊन टाका म्हणा," असंही म्हणाला. बायको हसली आणि नव्या नवरीकडे वळली.

"ट्रकाकडे नाही पाह्यचं. त्याच्या पोटाखालून पाह्यचं, पलीकडली चाकं दिसतात. अन् मोठ्यानं सांगायचं."

"यायले मी थांबा म्हणू?" नवरी पुटपुटली.

"मंग काय. इथं सासू बसली काय मधात?"

नवरा-नवरी गाडी घेऊन गेली. बऱ्याच वेळानं परतली, तेव्हा गाडीच्या आधी नवरीचा आवाज ऐकू आला. तिचा अंबाडा सुटला होता. "मले हुकूम करून राहिली ही," तो तक्रार केल्यासारखा म्हणाला, पण गाडीतून उतरला नाही. सौदा तिथंच पक्का झाला.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"मी तुझ्यासाठीच विकली," मी म्हणालो. "तिथं बसलो तेव्हा कळलं, केवढी भीती."

"मले नव्हतं भेव लागत."

"काहून नाही?"

ती रस्त्याकडे पाहत राहिली. "मी थांबा म्हटलं का तुम्ही थांबत होते. दुसरं कोण माह्यं असं ऐकते? ... विकाची होती तं मले विचारायचं होतं."

बस आली. ती पुढे बायकांच्या बाकावर बसली, मी मागे उभा राहिलो. तिचं डोकं खिडकीला टेकलेलं मला गर्दीतून मधूनमधून दिसत होतं.

घरी आई दारापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. "विकली काय रे?" तिनं मला विचारलं.

मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. आईही मग तिच्याकडे पाहायला लागली. बायकोनं पदर डोक्यावर घेतला, चप्पल काढली.

"विकली," ती म्हणाली. "माणसं बरी आहेत. ती पोरगी शिकली लवकर."

आईचा हात सुपात थांबला. मग ती जरा सरकली आणि तिनं ओट्यावर सुनेसाठी जागा केली.