भांड्याभोवती फिरणारी बाई

पोंगलचं मडकं आणायला पट्टीश्वरमच्या कुंभाराकडे गेले, तर तिथे जमैकाहून आलेली एक उंच बाई बसलेली. तीही कुंभारच. त्याने चाक पुढे केलं. तिने हसून नकारार्थी मान हलवली, पालथ्या घागरीवर मातीचा गोळा ठेवला आणि उलट्या पावलांनी त्याच्याभोवती फिरत भांडं वर ओढू लागली.

"हे काय?" कुंभाराने मला तमिळमध्ये विचारलं. मी तिला इंग्रजीत.

"आमच्यात भांडं फिरत नाही, बाई फिरते," ती म्हणाली. "आफ्रिकेतून आमच्या बायकांना जहाजात कोंबून नेलं, तेव्हा हात रिकामे होते. ही चाल तेवढी सोबत आली. तुम्हीही मूळच्या इथल्या नाही, असं मघाशी म्हणालात. तुमच्यासोबत काय आलं?"

"आमची जुनी मराठी, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज या तमिळ मुलखात आले तेव्हाची. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात, म्हणून ती घरातच बोलतो."

"इथे बोला ना."

 आई रोज म्हणते तेच म्हटलं, की जेवायला या, पानं वाढलीत. इतक्या वर्षांच्या ओळखीत कुंभाराने माझी मराठी प्रथमच ऐकली. तिला तर अक्षरही कळलं नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली आणि माझ्या त्या वाक्याच्या तालावर भांड्याभोवती फिरू लागली. मीही भर दुपारी कुंभाराच्या अंगणात सगळ्यांना जेवायला बोलावत राहिले.