तेलाचा गेटपास

यशवंतभिया गेल्याची वार्ता मला माझ्या टेबलावर मिळाली. जिल्हा कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली माझे टेबल व टंकलेखन यंत्र आहे आणि इंदूरमधील बरीच माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन तेथवर येतात. त्या सकाळी मी एका विधवा बाईंचा पेन्शनचा अर्ज टंकित करीत असता शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे यशवंतभियांच्या गॅरेजचे जागामालक आप्पासाहेब यांचा फोन आला. "मुन्शीजी, आपला यशवंता गेला हो... शेडमध्येच, स्टुलावर बसल्या बसल्या." मी लगेच उठलो नाही. अर्ज पुरा केला, बाईंची सही घेतली, यंत्रावर कापड घातले आणि मग निघालो. हातातले काम अर्धे टाकणारा माणूस यशवंतभियांना आवडत नसे. त्या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले. लेखणी हेच माझे उपजीविकेचे साधन असल्याने त्यांच्याविषयी लिहिणे हे माझे कर्तव्य आहे, असे मी समजतो.

आमची मैत्री मिल बंद झाली तेव्हाची; तेव्हापासून मी त्यांना इंदुरी रीतीने 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणू लागलो. यशवंतभिया सूतखात्यात तेलवाला म्हणून लागले होते. पुढे फिटर झाले, तरी तेलाची बुधली त्यांनी सोडली नाही. दिवसभर साच्यांमधून, म्हणजे कताईच्या यंत्रांमधून फिरावे आणि प्रत्येक चातीला, सुताच्या फिरत्या दांडीला, तेल पाजावे, हा त्यांचा धर्म. कोरडी चाती सापडली की मुकादम सर्वांदेखत बोलत असे. तेल सांडले तर मात्र कोणी काही बोलत नसे. एके दिवशी फाटकाला कुलूप लागले ते लागलेच. कामगारांच्या वतीने मी त्या काळात जे अर्ज लिहिले, त्यांची भाषा वरिष्ठ कार्यालयांतील बाबू एकमेकांना वाचून दाखवीत, असे मला अनेकांनी सांगितले आहे. त्यांची उत्तरे आली नाहीत, हा भाषेचा दोष नव्हे. काळच तसा होता. एकीकडे मिलच्या चिमण्या थंड होत होत्या आणि दुसरीकडे शोरूमच्या काचेआड नव्या मोटारी उभ्या राहत होत्या. यशवंतभिया माझ्या टेबलाशी येऊन बसत आणि रस्त्यावरची प्रत्येक गाडी कानाने तपासत. "भिया, या गाडीचं टॅपेट ढिलं आहे. मालकाला काय मालूम! मशीन माझ्याशी बोलतं, मुन्शीजी. खोटं नाही सांगत." ते खोटे सांगत नसत, थोडे वाढवून सांगत, एवढेच.

आप्पासाहेब हे माझे जुने पक्षकार. त्यांचे पूर्वज होळकर दरबारी मानकरी होते. भंवरकुआंच्या रस्त्यावर त्यांचा बंगला, बंगल्यामागे जुना तबेला, आणि तबेल्यात घोड्यांच्या जागी एक विलायती मोटार. ही मोटार साधी नव्हे. तिच्या इंजिनाला पट्ट्याने फिरणारे एक यंत्र जोडलेले होते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, आणि गाडीला दुप्पट दम येतो. त्याला सुपरचार्जर म्हणतात. यशवंतभियांनी त्याचे नाव पहिल्याच दिवशी 'फुंकणी' ठेवले. या फुंकणीच्या पोटात तिचे स्वतःचे, अगदी थोडे तेल असते. इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. ते तेल किती वर्षांत कोणी पाहिले नव्हते, हे खुद्द आप्पासाहेबांनाही ठाऊक नव्हते.

तबेल्यासाठी कोचिंग क्लासवाले रोज चकरा मारीत होते. मी मध्यस्थी केली. यशवंतभियांसारखा कारागीर रिकामा बसला आहे, तबेला त्यांना गॅरेजसाठी द्यावा, असे मी तोंडी निवेदन केले. आप्पासाहेबांनी मिशीवर बोट फिरवले. "माझी बहीण महूला असते. याच गाडीतून तिची पाठवणी झाली होती. यंदाच्या भाऊबीजेला मी याच गाडीने तिच्याकडे गेलो पाहिजे. गाडी पोचली तर तबेला तुमचा. नाही पोचली, तर क्लासवाल्यांना हो म्हणतो." यशवंतभियांच्या घरी त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी शिवणयंत्रावर शेजारणींचे ब्लाउज शिवून संसार रेटीत होत्या. तबेला मिळाला तर हा माणूस पुन्हा कामावर जाणार होता. न मिळाला, तर माझ्या टेबलाशी बसून लोकांच्या गाड्या ऐकत राहणार होता. हे यशवंतभिया, वहिनी आणि मी, आम्हा तिघांनाही पुरते कळत होते.

यशवंतभियांनी इंजिन उघडले, झाकले, पुन्हा उघडले. ब्रेक दुरुस्त केले. आणि फुंकणीला तेल पाजले. तिच्या वरच्या तोंडाचा स्क्रू काढून काठोकाठ भरले, दुसऱ्या दिवशी जरा उतरलेले दिसताच आणखी भरले. दसऱ्याला हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून, पुन्हा दोन बुधल्या. मग आम्ही गाडी रस्त्यावर काढली. चौक येण्याआधीच मागे निळ्या धुराचा असा लोट उठला की कोचिंगची पोरे नाकाला रुमाल लावून टाळ्या वाजवू लागली. एकाने ओरडून विचारले, "अंकलजी, मच्छर मारने निकले हो क्या?" आप्पासाहेब उतरून पायीच बंगल्याकडे निघाले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

संध्याकाळी डबा घेऊन आलेल्या वहिनींनी फुंकणीचे वरचे तोंड पाहिले. तेल अगदी ओठावर आले होते. काळे, आणि कुजलेल्या माशासारखा दर्प. "अहो, पंगतीत वाढतच राहिलात तर पानातून ओघळणारच. शिळं आधी काढा ना!" यशवंतभिया खवळले. "तेल कमी झालं म्हणून मशीन मरतं. ज्यादा झालं म्हणून मेलेलं मी नाही पाहिलं." मी शांतपणे म्हणालो की वहिनींचे म्हणणे तर्कसंगत आहे, जुने तेल काढून टाकावे. त्यावर यशवंतभिया म्हणाले, "मुन्शीजी, काढायचं कसं? मिलमध्ये तेल घालणारा कामगार, तेल काढणारा चोर. पूरी जिंदगी गेटवर झडती दिली मी. डबा उघडून दाखवला, टोपी झटकून दाखवली. मशीनमधून एक थेंब काढला नाही कधी. दुसऱ्याच्या गाडीचं तेल... बिना गेटपास?"

वहिनी हसल्या. मीही हसणार होतो. परंतु यशवंतभियांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबलो. ते विनोद करीत नव्हते. मिलचे फाटक बंद झाले होते, तरी हा माणूस अजून त्या फाटकात हात वर करून उभा होता. त्याला तेथून बाहेर काढण्यास युक्तिवाद उपयोगी नव्हता, रीतसर कागदच हवा होता. आणि कागद हे माझे क्षेत्र आहे.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर कागद चढवला. "सदर मोटारीच्या सुपरचार्जर यंत्रातील जुने, निरुपयोगी तेल संपूर्णपणे बाहेर काढण्यास व फाटकाबाहेर नेण्यास वाहकास याद्वारे परवानगी देण्यात येत आहे." आप्पासाहेबांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला. मला वाटले, आता फेकून देतील. पण त्यांनी आपल्या सर्व जुन्या पदव्यांसह सही ठोकली आणि म्हणाले, "यशवंता, घे बाबा. पहारेकऱ्याने अडवलं तर दाखव." पहारेकरी कोणी नव्हताच. यशवंतभियांनी पास घडी करून खिशात ठेवला आणि मगच पिचकारी हातात घेतली.

ते काम मी जवळून पाहिले आहे. गाडी सपाट फरशीवर, इंजिन रात्रभर थंड झालेले. पिचकारीच्या नळीने ते काळे तेल ओढून बाटलीत सोडीत होते. प्रत्येक ओढीला दर्प सुटे आणि आप्पासाहेब अत्तराचा फाया नाकाशी धरीत. पोट रिकामे झाल्यावर यशवंतभियांनी कापडाने पुसत पुसत बाजूचा एक छोटा स्क्रू शोधला. इतके दिवस तो मळाखाली दडलेला होता. तो काढताच ते थबकले. "हट्ट तेरे की! हिला बाजूला नाक आहे, मुन्शीजी. तेल या नाकापर्यंत आलं की बस. मी बुडवलं बिचारीला. म्हणून ती धूर ओकत होती." चूक एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या आनंदाने मान्य करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. सियागंजच्या बाजारातून हुडकून आणलेले नवे तेल त्यांनी थोडे थोडे सोडले. बाजूच्या भोकाच्या काठाशी पहिला थेंब चमकला. पिचकारीत तेल शिल्लक होते. त्यांचा हात पुढे गेला... मग त्यांनी पिचकारी वहिनींच्या हाती दिली आणि स्वतःचे दोन्ही हात मागे बांधले. "घ्या हे. नाहीतर मी घालेन."

भाऊबीजेला आम्ही निघालो. आप्पासाहेब मागे फेटा बांधून, मी पुढे, यशवंतभिया स्टिअरिंगवर. राऊच्या चढावर मी मान वळवून मागे पाहत होतो, तर ते ओरडले, "मागे काय पाहता? ऐका! फुंकणी गाते आहे." खरोखरच एक बारीक, स्वच्छ सूर येत होता. धुराचा मागमूस नव्हता. महूला आप्पासाहेबांच्या भगिनी दारात तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडीला ओवाळले, मग भावाला आणि मग, कोणी न सांगता, यशवंतभियांना. आप्पासाहेब म्हणाले, "आता हाही माझा भाऊ झाला. तबेला याचा." परतताना यशवंतभियांनी रस्त्यावरच्या एकाही गाडीत खोट काढली नाही, ही त्यांच्या आयुष्यातील दुर्मीळ घटना मी येथे नमूद करतो.

पुढे त्या तबेल्याची शेड झाली, शेडचे नाव झाले. मिलमधले दोन जुने सोबती त्यांनी कामावर घेतले. नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, जुन्याही येत राहिल्या. गाडी तापलेली असता बोनेटला हात लावायचा नाही, हा तेथील कायदा होता. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्याला आधी बसवीत.

तेरावे झाल्यावर आप्पासाहेब वहिनींकडे आले. मी हजर होतो. क्लासवाले पुन्हा विचारू लागले होते, आणि कागदोपत्री मालक असलेले आप्पासाहेब आता थकले होते. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. "वहिनी, तुमच्यावर सक्ती नाही. पण आता शेड बंद करायची म्हटली तर..." वहिनींनी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. "बंद कशाला, आप्पासाहेब? बंद मिल झाली होती. तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारता आहात, तर सांगते. नाही." आप्पासाहेब म्हणाले, "बरं झालं. मलाही हेच ऐकायचं होतं."

परवा मी शेडवर गेलो. दोघे कारागीर एका गाडीखाली होते. यशवंतभियांच्या स्टुलावर वहिनी बसल्या होत्या, मांडीवर शिवण. इतक्यात एक तरुण गिऱ्हाईक घाईघाईने आत शिरले. गाडी चांगलीच तापली होती आणि त्याचा हात थेट बोनेटकडे गेला. वहिनींनी सुईवरून नजर उचलली नाही.

"हात काढा, भिया. गरम आहे. बसा आधी."

गिऱ्हाईक बसले.