चौऱ्याहत्तर म्हणजे बासरी

नंबरवाले भाऊ माझ्या ओठांकडे बघायचे. मी गात असले की त्यांची बोटं पेटीवर आणि डोळे थेट माझ्या तोंडावर. पापणी म्हणून लवायची नाही. मी तेव्हा चाळिशीची, दोन मुलांची आई, अफसराची बायको, आणि भिलाईत आपल्यासारखी गाणारी दुसरी नाही अशा भ्रमात वावरणारी. माणूस आपल्यावर भाळला आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. वरून मी कपाळाला आठ्या घालायचे आणि आतून गुदगुल्या व्हायच्या. एकदा सिविक सेंटरमधून लाल लिपस्टिक आणली, ती लावून तालमीला गेले. भाऊ म्हणाले, "हे बेस केलं वहिनी. आता दुरून बी दिसते." घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत. एवढी गाढव बाई त्या काळच्या अख्ख्या मध्य प्रदेशात सापडली नसती.

भाऊ भंडाऱ्याकडचे, धानाच्या गावचे. कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. काटा थरथरला तरी त्यांना दुखणं कळायचं म्हणत. आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळाकडे एक कीबोर्ड होता, त्याला सगळे पेटीच म्हणायचे. तो भाऊ वाजवत. त्याला त्यांनी कलकत्त्याहून मागवलेला एक सीक्वेन्सर जोडला होता, जेवणाच्या डब्याएवढा. म्हणून तो 'डबा'. डब्यात फ्लॉपी घातली, बटन दाबलं, की पेटीतून बासरी, सतार, ढोलक एकदमच वाजायला लागायचे आणि भाऊ हाताची घडी घालून उभे.

"म्हणजे यात टेप भरली आहे," मी एकदा शहाणपणानं म्हटलं.

"नाही जी. ह्याच्यात आवाज नाही, हुकूम आहे. कोणता सूर, किती जोरानं, किती वेळ. वाजवते पेटीच. एका वायरीत सोळा रस्ते आहेत. दहावा ढोलकाचा, त्याच्यावर दुसऱ्यानं जायचं नाही."

आणि आवाजांना नंबर. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. एक म्हणजे पियानो, चौऱ्याहत्तर म्हणजे बासरी, एकशे पाच म्हणजे सतार. पेटी कोणत्याही कंपनीची असो, स्टँडर्डवर असली की चौऱ्याहत्तरला बासरीच वाजणार, भिलाईत काय आणि जपानात काय. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू जगातली सगळी भांडणं मिटली. "माणसाचं सांगता येत नाही वहिनी, नंबर खोटं बोलत नाही."

त्यांना डब्यात भरायची होती ती त्यांच्या मायची गाणी. धानाच्या रोवणीची. बाया चिखलात वाकून रोपं लावताना म्हणतात ती. माय गेली होती, गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या, आणि चाली उरल्या होत्या फक्त भाऊंच्या डोक्यात. ते गुणगुणायचे, मी म्हणायचे, मग ते पेटीवर एकेक सूर शोधायचे. कधी कधी तळहात स्पीकरवर सपाट ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला वाटे, कलावंत माणूस, असतं एकेकाचं खूळ.

त्यांचं पालुपद एकच. "अजून एक बार, वहिनी." तीच ओळ वीसदा, तीसदा. माझा घसा बसायचा, शेजारणीचं हळदीकुंकू हुकायचं, आमचे साहेब घरी वरणभात थंड करून बसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "उद्या मी येत नाही. मला काय दुसरे उद्योग नाहीत?" तर हा उंचापुरा माणूस दारात आडवा उभा. हात जोडलेले. "उद्या नाही म्हणू नका. पाया पडतो. उद्याचं काही सांगता येत नाही."

मी काय समजले असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या संध्याकाळी मी आरशासमोर अर्धा तास होते.

गणपतीत कार्यक्रम ठरला. मायची गाणी पहिल्यांदा माणसांसमोर, सगळ्या वाद्यांसकट. भाऊंनी कारखान्यात सुट्टी टाकली होती, नवा सदरा शिवला होता. "एक बार पुरं आयकतो," म्हणत होते, "मंग काही झालं तरी चालते." आणि माझा घसा नेमका त्या दिवशी बसलेला. आदल्या दिवशी दहीवडे कोणी चापले होते, हे विचारू नका. मी 'काळी चार पट्टीच्या खाली गात नाही' असं सांगत सबंध टाउनशिप फिरले होते. आता पट्टी उतरवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? भाऊ मूर्तीच्या पाया पडायला गेले तेवढ्यात मी पेटीशी गेले. पट्टी बदलताना ते कोणतं बटन दाबतात ते मी पाहिलं होतं. म्हणजे पाहिलं होतं असं मला वाटत होतं. दाबलं. पेटीच्या छोट्या पडद्यावरची अक्षरं भराभर बदलली. मी पदर सावरून गुपचूप माइकपाशी येऊन उभी राहिले.

भाऊंनी डबा सुरू केला.

बासरीच्या जागी भोंगा वाजला. सतारीच्या जागी टेलिफोनची घंटी. दहाव्या रस्त्यावरचा ढोलक कुठल्या कुठे गेला, तिथं बेडकं ओरडायला लागली. पेटी स्टँडर्डवरून उतरली होती. नंबर तेच होते, पण त्यांचे अर्थ बदलले होते. पहिल्या रांगेतली पोरं खुदकन हसली, मग बाया, मग सगळा मांडव. मी भाऊंकडे पाहिलं. ते आता बंद करतील, आता डोक्याला हात लावतील.

भाऊ डोळे मिटून उभे होते. तळहात स्पीकरवर. ओठ हलत होते, अगदी बरोबर शब्दाला शब्द. गालांवरून पाणी वाहत होतं. एवढा सुखी चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले. हसणारे लोक दिसले. माझे बंद ओठ दिसले.

"वहिनी," ते घाबरून म्हणाले, "कावून हासून राहिले हे?"

तेव्हा मला कळलं. ओठ, लिपस्टिक, 'अजून एक बार', दारातले जोडलेले हात, सगळं एका क्षणात. मला वाटलं, जमीन फाटावी.

मंडळाचे सेक्रेटरी धावत आले, भाऊंच्या कानाशी ओरडले, भाऊंनी ते नुसतं पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "दोन साल झाले. बापाचे कान बी असेच गेले होते. डॉक्टर म्हणे, इलाज नाही. थोडं थोडं होतं, तेवढ्यात आटपू म्हटलं." सेक्रेटरी मला म्हणाले, "बहिऱ्या माणसाच्या हाती पेटी दिली आपण! तपासली तरी असती त्यांनी." आणि मी, काळी चारची गायिका, काय बोलले? "हो ना, तपासायला हवी होती." एवढंच.

मंडळानं दुसरा वाजवणारा पाहिला. भाऊ पुन्हा तालमीच्या खोलीकडे फिरकले नाहीत. काही महिन्यांनी नोकरी सोडून गावी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आमच्या क्वार्टरवर आले. सायकल फाटकाला टेकवली, खिशातून फ्लॉपी काढली.

"मायचे गाणे आहेत. गळ्याची जागा रिकामी ठेवली, ती तुमची." मग माझ्या ओठांकडे नाही, जमिनीकडे बघत म्हणाले, "पट्टी अर्ध्या सुरानं उतरवून ठेवली, घशाले तरास नको. आन् सुरुवातीलेच एक हुकूम टाकला आहे. कोणी कोणतंही बटन दाबून ठेवलं असो, पेटी आपोआप स्टँडर्डवर येते. आता कोणाच्या हातानं चुकी होत नाही."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून.

ते वळले, फाटकाला टेकवलेली सायकल काढायला लागले. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "भाऊ, ते बटन मी दाबलं होतं. मला माफ करा." मोठ्यानं म्हटलं, काळी चारमध्ये. ते वळले नाहीत. वळणारच नव्हते, आणि हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर म्हणता आलं.

त्यांचा पत्ता मी घेतला नाही. हे आता लिहून ठेवते आहे. वाचायला कान लागत नाहीत.