चौकातला चोथा

यान काकांवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. पुढचं ऐकून मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा.

चीनमधल्या आमच्या बोझोउ शहरात गल्लोगल्ली झाडपाल्याच्या औषधांची दुकानं. त्यातल्याच एकात यान काका चाळीस वर्षं पुड्या बांधत होते. वैद्यानं चिठ्ठी लिहायची, यांनी खण उघडून मुळ्या-साली तोलायच्या. बायको नाही, पोर नाही, आणि शब्द तर तोंडातून ओढून काढावा लागायचा. असा घुम्या माणूस मला मुळातच आवडत नाही.

माझी लेक रुइयिन सव्वीस वर्षांची. वर्षभर आतड्याला सूज, शौचाला रक्त, दिवसातून दहा-दहा वेळा धाव. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, जोडीला वैद्याचा काढा घेऊन बघा. पण महिन्याभरात रक्त थांबलं नाही, तर मोठं आतडं काढावं लागेल."

काढा झाला की चोथा चौकात ओतायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं घराबाहेर जातं, अशी आमची रीत. एका सकाळी मी चोथा ओतून वळले, तर यान काका तिथंच उकिडवे बसून काडीनं तो उसकटतायत! वर चिमूटभर कागदात बांधून पिशवीत टाकला, तेही इकडंतिकडं बघत. माझं डोकंच भणाणलं. चोथा वाळवून पुन्हा विकतो की काय मेला?

घरी येऊन नवी पुडी सोडली. पांढऱ्या चकत्यांवर निळी भुकटी! तीस वर्षं मी कापड गिरणीत रंगखात्यात काढली. नीळ मला झोपेतही ओळखू येते. म्हटलं, हं, जुना माल रंगवून गळ्यात मारतोय! त्या दिवसापासून प्रत्येक पुडी पाणी नितळ येईपर्यंत तीन-तीनदा धुतली. रुइयिनला यातलं काही कळू दिलं नाही. काका दोनदा दाराशी आले, मी तोंडावर दार लावलं.

अठरा दिवस गेले, रक्त काही कमी होईना. मग रुइयिनला घेऊन मी दुकानात गेले. ती दाराजवळच्या बाकावर टेकली, आणि मी भर गिऱ्हाइकांत काकांना फैलावर घेतलं.

"चोथा गोळा करता ना? दाखवा ती पिशवी!"

त्यांनी मुकाट्यानं पिशवी उपडी केली. कागदाच्या चिमुकल्या पुड्या, प्रत्येकीवर घराचं नाव आणि तारीख.

"मी बांधलेलं औषध लोक नीट उकळतात का, ते बघतो," ते म्हणाले. मग आमच्या नावाची पुडी सोडून हळूच म्हणाले, "शूलानबाई, नीळ वैद्यानंच लिहिलीय, आतड्यासाठी. ह्यात तिचा कणसुद्धा नाही. धुतलंत?"

मी मान वळवून बाकाकडं बघितलं.

रुइयिन उठून आली. "काय झालं, काका?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पोरी, नीळ लावायची माझ्याकडून राहिली. म्हातारा झालोय."

लोक कुजबुजायला लागले. एकानं तर आपली पुडी परत काउंटरवर ठेवली.

रुइयिननं माझा हात धरला. "आई, तुझंच खरं होतं गं. माणूस भरवशाचा नाही. चल, पुरे झाला काढा. सरळ ऑपरेशन करून टाकू."

गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती. पण पोरीचं काय?

"मी धुतलं," मी म्हणाले. "काकांची काही चूक नाही. मीच धुवून टाकलं."

"किती दिवस?"

"अठरा."

तिनं माझा हात सोडला. काकांकडून नवी पुडी घेतली आणि म्हणाली, "आजपासून काढा मी उकळीन."

पुढं रक्त कमी झालं, ऑपरेशन लांबणीवर पडलं. कशामुळं, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. यान काका अजून चौकात चोथा उसकटतात, मीही त्यांना वाकून नमस्कार करते. पण काढ्याचं मडकं चुलीवर असेपर्यंत रुइयिन माझ्याकडं पाठ करून उभी राहत नाही.