राखुंडीतलं मीठ

ओवे गावातल्या आमच्या घरात टूथपेस्ट आली तरी आई दात राखुंडीनेच घासायची. भातगिरणीतून तूस आणायचा, परसात घमेल्यात पांढरी राख होईपर्यंत जाळायचा आणि त्यात मीठ वाटून घालायचं. ही राख माझ्या पीएचडीला लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण लागली. तुसाच्या राखेत सिलिका असते. ती मॅग्नेशियमबरोबर तापवली की सिलिकॉन मिळतं. त्याच्या बारीक कणांवर कार्बनचा थर चढवला की लिथियमच्या बॅटरीत ते नेहमीच्या ग्राफाइटपेक्षा जास्त चार्ज धरतं. अडचण एवढीच, की तापवताना उष्णता भलतीच वाढायची आणि कण वितळून त्यांचे खडे व्हायचे. जाड कण चार्जिंगमध्ये फुगून फुटतात. दोन वर्षं मी नुसते खडेच काढत होते.

आईला एवढंच कळलं होतं की लेकीला राख लागते. एका रविवारी तिने डबा भरून समोर ठेवला. "मीठबी घातलाय. मिठाबिगर राखुंडी नाय होत."

माझं डोकं फिरलं. "प्रयोग आहे तो! दात घासायचे नाहीत मला!" तिच्या डोळ्यांदेखत मी डबा उकिरड्यावर पालथा केला.

ती हळूच म्हणाली, "मीठ जास्त झाला काय गो?"

मी रिकामा डबा तिच्याकडे सरकवला आणि आत निघून गेले. नंतर राख बिनमिठाची मिळू लागली, पण प्रयोगाचं काय झालं हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती हृदयविकाराने गेली.

काही महिन्यांनी एक शोधनिबंध वाचला. तापवण्याआधी राखेत साधं मीठ मिसळायचं. ते वितळताना उष्णता शोषून घेतं, कण बारीक राहतात, मग मीठ पाण्याने धुऊन टाकायचं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मीठ घातलं आणि पहिल्याच खेपेला बारीक भुकटी निघाली. लॅबमध्ये पेढे वाटले गेले. मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

घरी मोरीच्या फळीवर आईची राखुंडीची डबी अजून होती. तळाशी चिमूटभर उरली होती. बोटावर घेऊन मी दात घासले.

मीठ जास्त नव्हतं.