टोंगळ्याचा निकाल

टोंगळा हा शब्द मी अकोल्यात, भर मे महिन्यात, सासूबाईंच्या ओसरीवर बसून बाद केला. त्याची शिक्षा मला दुसऱ्याच दिवशी मिळाली, पण ते पुढे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे सासुरवाडीच्या शब्दखेळात पंचाची जागा आपोआप माझ्याकडे चालत आली. (खेळाडूही मी, पंचही मी. असं भाग्य फक्त जावयालाच लाभतं!) खेळ घरगुती. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं लिहायची, त्या पालथ्या घालायच्या, प्रत्येकाने मूठभर उचलायच्या आणि शब्द जुळवायचे. काना, मात्रा, अनुस्वार फुकट; अक्षर मात्र पदरचं.

त्या शनिवारी मला अवदसा आठवली. "नुसतं खेळण्यात काय मजा? जो हरेल त्यानं उद्या रोडगे भाजायचे!" मी जाहीर केलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. वांग्याच्या भाजीबरोबर खाताना स्वर्ग! पण भाजायला बसायचं म्हणजे वर अकोल्याचं ऊन, खाली विस्तव आणि मध्ये आपण.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो. सत्तरी ओलांडली, पण शब्द आठवायला त्यांना कधी थांबावं लागत नाही. दाणे टाकल्यावर कोंबड्या याव्यात तसे शब्द त्यांच्याकडे धावत येतात. पहिल्याच डावात त्यांनी चिठ्ठ्या मांडल्या : टोंगळा.

"बाद!" मी म्हणालो. "त्याला गुडघा म्हणतात. माझ्या शब्दकोशात टोंगळा नाही."

"आवो भाऊजी, कोशात नसंन, पन पायात त हाय न!" माझा साळा गजानन उसळला.

"पायात काटाही असतो. म्हणून त्याला गुण द्यायचे का?"

"गज्या, जवायाच्या तोंडी लागू नको," आई शांतपणे म्हणाल्या. "जवाईबापू म्हंतात नाई, त नाई."

आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मी तर आता शब्दांचाच जावई झालो होतो! पुढच्या डावात आईंनी 'भेद्रं' लावलं.

"टोमॅटो म्हणा," मी सुचवलं.

"टोमॅटो मराठी हाय काय?" बायकोने विचारलं.

"रुळलेला आहे!"

मग त्यांनी 'उलसाक' लावलं. तेही बाद. "त्याला थोडंसं म्हणतात," असं मी वर समजावूनही सांगितलं. शेवटी मी निसटता जिंकलो आणि आई हरल्या.

"आई या वयात इस्तवापाशी बसंन, तुमाले बरं वाटंन न?" बायको पुटपुटली. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." (हे वाक्य मी वर्गातही म्हणतो. तिथेही कुणाला आवडत नाही.)

रविवारी सकाळी आईंनी चहा आणला. पितळी पेला, काठोकाठ भरलेला!

"आई, एवढा नको. थोडा द्या."

"थोडा आमच्या घरी नसते, जवाईबापू. उलसाक होता, तो काल बाद झाला. आता पुराच घ्या."

त्या उकाड्यात मी तो अख्खा पेला प्यायलो. नंतर शेजारच्या घरून बोलावणं आलं, तिथेही पेला काठोकाठ! बातमी माझ्या आधी पोचली होती. घामाघूम होऊन परतलो आणि नाश्त्याला बसलो.

"आई, ती लाल चटणी नाही केली?"

"कायची?"

"ती... टोमॅटोची."

"टोमॅटोची मले नाई येत. भेद्र्याची येत होती."

गजाननला ठसका लागला. आईंच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलेल तर शपथ! मी कोरडी भाकरी गिळली आणि मनातल्या मनात त्यांना हात जोडले. माझाच निकाल, तोही इतक्या आदराने, माझ्याच ताटात वाढणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

थोड्या वेळाने त्या पदर खोचून अंगणात निघाल्या. गोवऱ्या पेटल्या. त्या ज्वाळेपुढे त्यांना बसलेलं पाहून मला खरोखरच लाज वाटली. धावत जाऊन मी त्यांच्या हातातला चिमटा घेतला, विस्तवापाशी उकिडवा बसलो आणि एक रोडगा उलटवला. छान उलटला. मग दुसरा घ्यायला मी उठू लागलो.

कट्!

"आई गंऽऽ! टोंगळा!"

मी अर्धा उठलेला, अर्धा बसलेला, हातात चिमटा. बायको दारात आली. गजाननने शांतपणे विचारलं, "कोनता शब्द बोलले भाऊजी?"

"थांब रे, त्याइले दुखून राह्यलं," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी मायेने, "जवाईबापू, तेल आणतो. पन गुडघ्याचं आमच्या घरी नाई. टोंगळ्याचं हाय. चालते काय?"

"चालतं! टोंगळ्याचंच आणा!"

"शब्दई चालते?"

"चालतो!"

"आन भेद्रं?"

"आई, सप्पाच चालतं! सप्पाच!" मी ओरडलो. 'सगळंच' सोडून हे 'सप्पाच' माझ्या तोंडातून कुठून आलं, कोण जाणे. माझ्याही घरची ही बोली मी लहानपणीच सोडून दिली होती, पण ती आत तशीच बसून होती.

आईंनी कापूर घातलेलं कोमट तेल स्वतः चोळलं. हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही. "लागलं बापा माझ्या जवायाले," एवढंच म्हणत राहिल्या. मी गेली कित्येक वर्षं वर्गात जिवंत भाषेवर व्याख्यानं देतो. ती भाषा त्या दिवशी माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

गजाननने मात्र गुण पुन्हा मोजले. मी हरलो. विस्तवाजवळ खुर्ची मांडली गेली आणि तीवर बसून मी उरलेले सगळे रोडगे भाजले. निम्मे करपले. आईंनी करपलेले स्वतःच्या ताटात घेतले आणि "झ्याक झाले," म्हणाल्या. माझ्या ताटात मात्र भेद्र्याची चटणी होती.

सासुरवाडीत पंच अजूनही मीच आहे. आईंनी फक्त एक नियम वाढवलाय : कुठलाही शब्द बाद करण्याआधी पंचाने एकदा उकिडवं बसून उठून दाखवायचं. तेव्हापासून आमच्या खेळात एकही शब्द बाद झालेला नाही!