अर्धा मिलिमीटर

मला थांबता येत नाही. आजही पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो की माझी चुळबुळ सुरू होते आणि पुढचा माणूस मागे वळून बघतो. बाविशीत तर मी दूध तापायच्या आधीच भांडं खाली उतरवणारा होतो. एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो, म्हणजे दिवसभर स्टुलावर बसून बारीक रेघा मारायच्या. असल्या माणसाला असली नोकरी कुणी दिली कोण जाणे!

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शहराबाहेर यलहंक्याच्या बाजूला लढाईच्या काळातली एक धावपट्टी होती. तिथं गवताच्या पेंढ्या आणि डांबराची रिकामी पिंपं मांडून हौशी मंडळी मोटारी पळवत. एकदा बघायला गेलो आणि उन्हानं मान भाजून घेऊन परत आलो. त्यानंतर महिनाभर माझी एक रेघ सरळ आली नाही. मला पळायचं होतं, आणि तेही लगेच.

पण गाडी कुठली? कॅन्टोन्मेंटात विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची दोन सीटची हिरवी गाडी विकायला होती. ऐपत नसताना मी तीनदा जाऊन तिच्यात बसून आलो. चौथ्यांदा त्याच्या बटलरनं फाटकच उघडलं नाही. शर्यती भरवणाऱ्या क्लबातल्या एका जुन्या खेळाडूनं मग मला शहाणं केलं. म्हणाला, आधी गाडी नको, आधी वर्ग निवड. वर्ग इंजिनाच्या आकारावर ठरत. सगळ्यात लहान वर्ग अकराशे सी.सी.पर्यंतचा, त्याच्यावरचा पंधराशेपर्यंतचा. ज्या वर्गात आपली गाडी सगळ्यात मोठी ठरेल, तो आपला.

अशी गाडी आमच्या घरासमोरच उभी होती. अक्काची. अक्का माझी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, डॉक्टर. आई-वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मल्लेश्वरमात तिला सगळे डॉक्टरम्मा म्हणत. व्हिजिटला जायला तिनं एक जुनी, काळी, चार दारांची गाडी घेतली होती. इंजिन एक हजार एकोणनव्वद सी.सी. अकराशेच्या वर्गाला अगदी मापात. तिच्याकडे मागायला मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. ती म्हणाली, "सरी, बरं, पळव की. पण सोमवारी सकाळी मला गाडी दारात पाहिजे."

इंजिन तेल पीत होतं. कलासिपाळ्यातल्या मेस्त्रीनं ते उघडलं आणि सांगितलं, सिलिंडर झिजलेत, घासून मोठे करावे लागतील, मोठे पिस्टन घालावे लागतील. एक-पंचमांश मिलिमीटरनं मोठे केले तर पुरे. पण त्या मापाचे पिस्टन मद्रासहून यायला दहा दिवस लागणार. अर्ध्या मिलिमीटरचे मात्र फळीवर तयार होते. "स्वल्प थांबा सार," तो म्हणाला, "दहा दिवसांनी काय बिघडतंय?" मी ताडकन म्हटलं, फळीवरचे घाला. मोठा पिस्टन म्हणजे जास्त जोर, एवढंच माझ्या डोक्यात.

चार दिवसांनी, ड्रॉइंग बोर्डासमोर रिकामा बसलो असताना, मी सहज नव्या मापाचं गणित केलं. अकराशे पाच आलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आकडा जागचा हलेना. पाच सी.सी. म्हणजे औषधाचा एक चमचा. तेवढ्यासाठी मी वरच्या वर्गात जाणार होतो, पंधराशेच्या गाड्यांच्या मागं धूळ खात, शेवटचा. मला स्वतःचाच इतका राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

शर्यतीच्या फॉर्मवर मी एक हजार एकोणनव्वदच लिहिलं. खाली गाडीच्या मालकाची सही लागत होती. अक्का व्हिजिटला निघालेली. बॉनेटवर कागद ठेवून तिनं विचारलं, "नीट भरलंयस ना?" मी हो म्हटलं. तिनं सही केली.

शर्यतीला तीन आठवडे होते. रोज सकाळी तिला सांगायचं ठरवायचो. तोंड उघडायचो आणि चटणी मागायचो. एकदा ती म्हणाली, "किती चटणी खातोस रे!" मला पळायची जेवढी घाई होती तेवढीच आता ते सगळं उरकून टाकायची झाली होती.

शर्यतीच्या दिवशी तपासनिसानं ब्रेक पाहिले, टायर पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला. इंजिनात कोण डोकावतो? दहा फेऱ्या. शेवटच्या फेरीपर्यंत मी तिसरा होतो. लांब सरळ पट्टीवर पुढच्या करड्या गाडीला गाठलं आणि बॉनेटभर पुढं जाऊन दुसरा आलो. बक्षिसं दोनच होती. अक्का धावत आली, सगळ्यांदेखत तिनं माझा गाल ओढला. तिच्या एका पेशंटच्या घरची मंडळी डॉक्टरम्मांची गाडी बघायला मुद्दाम आली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का त्यांच्याशी बोलायला गेली तेवढ्यात करड्या गाडीवाला माझ्याकडे आला. होसकोट्याच्या शाळेत मास्तर होता. बायको आणि दोन मुलं डबा घेऊन बरोबर आलेली. माझा हात दोन्ही हातांत धरून तो कन्नडात म्हणाला, "काय जोर आहे हो तुमच्या इंजिनात! काय केलंत, मलाही शिकवा की." त्याच्या आवाजात हेव्याचा लवलेश नव्हता. मला ते सोसवेना. मी त्याला सगळं सांगून टाकलं: पिस्टन, गणित, फॉर्म. त्यानं माझा हात सोडला. मग हळूच म्हणाला, "हे त्यांना सांगायला हवं ना?" आम्ही दोघंही पंचांच्या तंबूत गेलो.

सांगितल्यावर फार हलकं वाटलं. लाउडस्पीकर खरखरेपर्यंत. आधी इंग्रजीत आणि मग कन्नडात घोषणा झाली, की अमुक नंबरची गाडी बाद, कारण मालकानं सही करून दिलेली माहिती खोटी होती. मालकानं! तो नंबर गाडीच्या दारावर हातभर उंच रंगवलेला होता आणि पांढऱ्या साडीतली अक्का त्या दाराला टेकून उभी होती. पेशंटच्या घरची मंडळी आधी तिच्याकडे आणि मग जमिनीकडे बघू लागली.

मी पोचलो तेव्हा तिनं किल्लीसाठी हात पुढं केला. गाडी तिनं चालवली. परतीच्या वाटेवर हेब्बाळ येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो. मद्रासचे पिस्टन, दहा दिवस, तो मास्तर, मला कसं राहवलं नाही, आणि तुझं नाव येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"नावाचं काय," ती म्हणाली. "उद्या चार घरी जाऊन सांगेन."

"म्हणजे तू रागावली नाहीस?"

पुढं एक बैलगाडी रस्ता ओलांडत होती. तिनं गाडी हळू केली, तिला जाऊ दिलं.

"तीन आठवडे रोज माझ्यासमोर बसून जेवलास," ती म्हणाली. "त्या मास्तराला भेटून तुला दोन मिनिटंही झाली नव्हती."